टेकडी कुणाला सुचली

आमची कॉलनी आता पाडणार आहेत. त्याआधी जुन्या रहिवाशांच्या आठवणींची एक स्मरणिका काढायचं ठरलं. मंडळाची मुलं माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, तुमच्या त्या मालगाडीच्या यार्डाबद्दल लिहा ना. ती टेकडी तुम्हाला कशी सुचली, ते लिहा." मी हो म्हटलं. मुलं जिना उतरून गेली तशी आतून बायकोचा आवाज आला, "लिहा, लिहा. बघू या काय सुचतंय."

तिच्या त्या वाक्यामुळे दोन दिवस कागद कोरा राहिला. आता लिहितो आहे. यात नाव कुणाचंच नाही. "माझं नाव छापायचं नाही, पण माझं जे आहे ते छापायचं," असा घरून हुकूम आहे.

तेव्हा आम्ही अंधेरीत नवे होतो. एकोणीसशे पन्नासच्या पुढची ती वर्षं. इमारतींना नव्या चुन्याचा वास होता. मागच्या गॅलरीतून पाहिलं की भाताची खाचरं, ताडाची झाडं आणि पलीकडे नुसतं आभाळ. दोन खोल्या, ती गॅलरी, आणि राहणारे तिघं: मी, माझी आई आणि वर्षाच्या आतबाहेर लग्न झालेली माझी बायको. मी फोर्टातल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या पुलांच्या आणि शेडांच्या रेषा मारायच्या. आपलं म्हणून काही उभं करावं, ही खाज मला त्या टेबलावरच लागली असणार.

एका रविवारी चोरबाजारात मला चावीचं इंजिन मिळालं. विलायती, काळं, एका बाजूला चेपलेलं. सोबत गोल रुळांचे चार तुकडे होते, आणि चावी नव्हती. घरी आणून मी ते उलटंपालटं करत बसलो. बायकोने गजराच्या घड्याळाची चावी काढून लावून पाहिली, ती चपखल बसली. तेव्हापासून आमच्या घरात एक तर इंजिन चालायचं नाही तर गजर. मी ऑफिसला उशिरा जाऊ लागलो, त्याचं खरं कारण हे.

नुसतं गोल फिरणारं इंजिन चार दिवसांत कंटाळवाणं झालं. मी ठरवलं, मालगाडीचं यार्ड बांधायचं. प्रवासी गाडी येते आणि जाते, तिच्यात आपल्याला करायला काय उरतं? यार्डात काम असतं. एक गाडी आली की ती सोडवायची, कुठला डबा कुठे जाणार ते पाहून वेगवेगळ्या रुळांवर लावायची, पुन्हा नव्या गाड्या जुळवायच्या. मी हे उत्साहाने बायकोला सांगत होतो. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "डबे नाही हो. डबे माणसांचे. मालाच्या त्या वाघिणी."

"वाघिणी?"

"वॅगनची वाघीण. आमच्याकडे सगळे तेच म्हणतात."

तिच्याकडे म्हणजे रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये. तिचे वडील एका मोठ्या जंक्शनवर माल बाबू होते आणि त्यांच्या क्वार्टरच्या ओट्यावरून सबंध यार्ड दिसायचं. तिचे भाऊ शाळेतून आले की दप्तर टाकून यार्डात पळायचे. ही निघाली की वडील म्हणायचे, "यार्डात मुलींचं काय काम?" मग ती ओट्यावर बसायची आणि बघायची. लग्न होईपर्यंत बघत होती. हे सगळं तिने मला त्या दिवशी तांदूळ निवडता निवडता सांगितलं. मी ऐकलं, आणि माझ्या नकाशाकडे वळलो.

नकाशा मात्र झकास काढला होता. आज पिवळा पडलाय, पण रेषा बघा म्हणावं. जुहूला एक जुना बंगला पाडत होते, तिथून सागवानी दाराचं एक फळकूट हातगाडीवर घालून आणलं आणि गॅलरीत दोन घोड्यांवर आडवं ठेवलं. खाली आईच्या लोणच्याच्या बरण्या, वर माझं यार्ड. वनस्पती तुपाच्या डब्यांचा पत्रा कापून, दुमडून मी रूळ केले. सहा रुळांचा पंखा, त्याच्या देठाशी सांधे. एक रूळ सोडून गाडी दुसऱ्या रुळावर जाते ती जागा म्हणजे सांधा, आणि तो ज्या दांडीने हलवायचा तो खटका. माझे खटके छत्रीच्या काड्यांचे होते. वाघिणींची चाकं शिंप्याकडच्या लाकडी रिळांची, आस पुन्हा छत्रीच्या काडीचा. आमच्या घरात त्या वर्षी धड छत्री राहिली नव्हती.

वाघिणींना रंग गेरूचा. तुळशीवृंदावनाला लावतात तोच, सरसात कालवून. मालगाडीचा तो तांबूस, मातकट रंग बाजारातल्या कुठल्या डबीत मिळाला नसता. वाघिणी एकमेकींना जोडायला बायकोने ब्लाउजचे हूक काढून दिले. एकीच्या पाठीला हूक, दुसरीच्या तोंडाला त्याची कडी. क्रोशाच्या सुईने वरून उचललं की सुटतात. इतकं नाजूक काम मी पुढे नोकरीतही केलं नाही.

आणि मग मी खडी टाकली.

रुळांखाली खडी हवीच. पण मापाची हवी. वाळू फार बारीक दिसत होती आणि रेती फार जाड. मी मापाने पट्टी लावून ठरवलं की बाजरीचा दाणा अचूक बसतो. आकार तोच, रंगही करडा. खळ शिजवली, रुळांमधून फासली, वर बाजरी पसरून थापली. दोन संध्याकाळी लागल्या. पाहण्यासारखं झालं होतं, हे आजही सांगतो. बायको येऊन बघून गेली. म्हणाली, "चिमण्या?"

"हाकलीन."

चिमण्यांना मी हाकललं. पाऊस हाकलता आला नाही. श्रावणातली दमट हवा, ओली खळ, आणि माझी अचूक मापाची खडी. चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी चहा घेऊन गॅलरीत गेलो तर यार्डावर हिरवी लव उभी होती. रुळारुळांमधून बाजरी उगवली होती. सांध्यात कोंब अडकून खटका हलेना. आई मागे येऊन उभी राहिली, चष्मा सारखा केला आणि म्हणाली, "घट बसवलेस होय रे? अजून नवरात्राला अवकाश आहे."

बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. तिचं हसू स्वयंपाकघरातून बराच वेळ ऐकू येत होतं.

सगळं खरवडून काढायला आम्ही तिघं बसलो. खरवडताना बायको म्हणाली, "यार्डात खडी नसतेच मुळी इतकी. राख असते. इंजिनं तिथेच राख टाकतात ना. पाय काळे करून यायचे भाऊ." दुसऱ्या दिवशी तिने शेगडीची राख आणि कोळशाची चुरी मैद्याच्या चाळणीने चाळली आणि रुळांमधून पसरली. आईने चाळणीचं काय झालं ते विचारलं नाही. ती राख पडली आणि फळकुटाचं यार्ड झालं. तोवर ते चित्र होतं.

पण चालेना. हीच खरी अडचण होती आणि ती चिमण्यांनी खाण्यासारखी नव्हती. चावीच्या इंजिनाला सावकाश हा प्रकार ठाऊक नसतो. पूर्ण चावी दिली की ते वाघिणींना घेऊन सुसाट सुटायचं आणि फळकुटाच्या टोकाला सगळी वरात लोणच्याच्या बरण्यांवर. अर्धी दिली तर मध्येच बसायचं. वाघिणी इतक्या हलक्या, की धक्का लागला की चाकं वर. मी इंजिनाला वजन बांधलं, स्प्रिंगला चामड्याचा ब्रेक लावला, रुळांवर मेण घासलं. गणपती गेले. नवरात्र आलं. कॉलनीच्या चिटणिसांनी जाहीर केलं होतं की या दिवाळीला मुलांच्या किल्ल्यांबरोबर मोठ्यांचेही देखावे बघायला सगळी कॉलनी घरोघर फिरणार. मी भर सभेत यार्डाचं नाव देऊन बसलो होतो.

त्याच आठवड्यात बायकोला पत्र आलं. तिचे वडील त्या दिवाळीला आमच्याकडे येणार होते. पत्र वाचून ती गॅलरीत आली आणि यार्डापाशी उभी राहिली. मग म्हणाली, "हे चाललं पाहिजे."

"मीही तेच म्हणतोय."

"तुम्ही कॉलनीसाठी म्हणताय. मला बाबांना दाखवायचंय."

आणि तिने टेकडी सांगितली. जंक्शनवर यार्डाच्या तोंडाशी एक मातीचा उंचवटा होता. इंजिन मागून गाडी ढकलत त्या उंचवट्यावर चढवायचं, आणि माथ्यावर एकेक वाघीण सोडली की ती पलीकडच्या उतारावरून आपल्या वजनाने घरंगळत खाली यायची. खाली सांधेवाला खटका फिरवून तिला हव्या त्या रुळावर घ्यायचा. इंजिनाने फक्त चढवायचं, बाकी काम उताराचं. "तुमचं इंजिन पळतं ना? मग त्याला चढावर घाला. चढावर कोण पळतं?"

मी म्हटलं, "स्प्रिंगला चढ झेपणार नाही."

"करून तर बघा."

तिने स्वयंपाकघरातून जेवायचा पाट आणला आणि फळकुटाच्या एका टोकाखाली सारला, म्हणजे रुळांचा पंखा सगळाच किंचित उतरता झाला. माथ्याला पत्र्याचा उंचवटा मी केला. ती हाताने दाखवायची, मी वाकवायचो. फार उंच झाला की "घाट नको, टेकडी" म्हणायची. वाघिणी जड करायला तिला शिसं हवं होतं. आमच्याकडे खारदांड्याची एक कोळीण मासळी घेऊन यायची. तिच्याकडे हिने जाळ्याला लावतात ते शिशाचे मणी मागितले. कोळीण टोपली उतरवून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कनाला गो बाय तुला शिसा? नवरा दर्यान जातंय का तुझा?"

"नाही गं मावशी. आगगाडी चालवतो. गॅलरीत."

"मंग बरा हाय. बुडाचा नाय."

पुढच्या खेपेला तिने फडक्यात बांधून मूठभर मणी आणले. प्रत्येक वाघिणीच्या पोटात एकेक बसला. रविवारी दुपारी मी इंजिनाला चावी दिली. ते नेहमीसारखं उधळायला गेलं आणि चढाला लागल्यावर शहाणं झालं. कुरकुरत, एकेक दात मोजत ते गाडी ढकलत वर आलं. माथ्यावर बायकोने क्रोशाच्या सुईने पहिली वाघीण सोडवली. ती क्षणभर थांबली, मग निघाली. घाई नाही, उडी नाही, पोटातल्या शिशाच्या भाराने अंग सावरत उतरली, सांध्यावर टकटक केलं, तिसऱ्या रुळावर गेली आणि टोकाला अडसर म्हणून लावलेल्या बुचाला हलकेच टेकून उभी राहिली. आईसुद्धा "अगो बाई" म्हणाली. आयुष्यात मी पुढे पुलांच्या कामांवर होतो, त्यांवरून आजही गाड्या जातात. पण ती वाघीण तिसऱ्या रुळावर टेकली तेव्हा छातीत जे काही झालं, ते पुन्हा झालं नाही.

त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "बाबा आले की सांगाल ना? टेकडी माझी म्हणून."

"म्हणजे काय! सांगणारच."

दिवाळीत तिचे वडील आले. काळी टोपी, कोटाच्या खिशात अजून रेल्वेचं घड्याळ. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कॉलनी लोटली. गॅलरीत मावेनात म्हणून लोक खोलीतून माना उंचावत होते. चिटणीस पुढे. त्यांनी दोन मिनिटं निरखून पाहिलं आणि मला चिडवायचं म्हणून म्हणाले, "काय राव, दिवाळीचा देखावा आणि मावळे नाहीत? गुहेत वाघ तरी ठेवायचा!"

बायको करंज्यांचं ताट घेऊन दारात होती. तिथून म्हणाली, "वाघ नाही, वाघिणी आहेत. मोजून घ्या."

जो हशा उसळला तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला. तो विनोद कॉलनीत अजून सांगतात आणि तिच्याच नावावर सांगतात.

मग खेळ सुरू झाला. मी माथ्यावर, हातात क्रोशाची सुई. ताट ठेवून ती खाली खटक्यांपाशी. ठरल्याप्रमाणे मी नंबर बोलायचा, तिने सांधा फिरवायचा. एक, चार, दोन. वाघिणी उतरत होत्या आणि आपापल्या घरी जात होत्या. लोक प्रत्येक वाघिणीला "आली, आली" म्हणत होते. तिचे वडील पुढे वाकून, हात मागे बांधून बघत होते. टेकडीवर त्यांची नजर खिळली होती. त्यांनी घसा साफ केला.

"जावईबापू, तुम्ही हंप यार्ड पाहिलंय कधी?"

"नाही."

"मग ही टेकडी कशी सुचली?"

सगळी गॅलरी माझ्याकडे बघत होती. चिटणीस, शेजारी, आई. खटक्यावर हात ठेवून तीही बघत होती. आणि मी हसून म्हणालो, "सुचली."

एवढंच. मला सुचली असं मी म्हटलं नाही. वर्षानुवर्षं मी स्वतःला हे सांगत आलो, की मी खोटं बोललो नाही. आपली भाषा सोयीची आहे, टेकडी कुणाला सुचली ते न सांगताही वाक्य पुरं होतं. पण गॅलरीतल्या प्रत्येकाने ते "मला" आपल्या मनात घातलं आणि मी घालू दिलं. "वा!" कुणीतरी म्हणालं. "इंजिनियरचं डोकं." मी इंजिनियरही नव्हतो. तेही राहू दिलं.

मी पुढचा नंबर बोललो, "पाच." वाघीण उतरली. सांधा हलला नाही. वाघीण सरळ दुसऱ्या रुळावर गेली आणि तिथे उभ्या असलेल्या वाघिणींवर आदळली. गेरूचा टवका उडाला.

तिचे वडील सवयीने ओरडले, "अरे, सांधेवाला झोपला काय?"

"झोपलेली नाही, बाबा," ती म्हणाली. "चांगली जागी आहे."

लोक पुन्हा हसले. त्यांना तोही वाघिणींसारखाच विनोद वाटला. मी हसलो नाही. तिच्या वडिलांनी तिच्या हाताकडे पाहिलं, खटक्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हात बरा बसलाय हिचा खटक्यावर." ती एवढ्या शाबासकीनेही खुलली, हे मी पाहिलं. पुढचा प्रत्येक सांधा तिने अचूक फिरवला.

भाऊबीज झाल्यावर ते घरी परतले. नंतर ज्याला त्याला सांगत राहिले की आमच्या जावयाने न बघता हंप यार्ड बांधलं. दर भेटीत ते मला टेकडीबद्दल काहीतरी विचारायचे आणि दर भेटीत मला वाटायचं, आता सांगू. मग चहा यायचा, विषय निघून जायचा. एके वर्षी ते गेले.

त्यांचं दिवसकार्य झाल्यावर मी तिला विचारलं, "तू का नाही सांगितलंस त्यांना?"

ती म्हणाली, "तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." त्यानंतर या विषयावर आम्ही बोललो नाही. भांडलो पुष्कळ, पण दुसऱ्या विषयांवर.

यार्ड अजून आहे. फळकूट तेच, सागवान कुठे जातंय. मुलांनी खेळून, नातवंडांनी खेळून दोन रूळ बदलावे लागले. गेरू दर काही वर्षांनी मी लावतो, राख मात्र आता गॅसवर मिळत नाही, ती कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून आणतो. पाट तोच. टेकडीला आजवर एकदाही हात लावावा लागला नाही. ज्या उंचीवर तिने "बस, एवढीच" म्हटलं, ती उंची अजून बरोबर आहे. मंडळाची मुलं म्हणतात, नव्या इमारतीच्या हॉलमध्ये काचेत ठेवू. मी म्हटलं, काचेत नको, हात लावता आला पाहिजे. मुलींना तर आधी.

तर मुलांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. टेकडी तिला सुचली. राखही तिला सुचली, शिसंही, आणि चढावर कोणी पळत नाही हे शहाणपणही तिचंच. मी पत्रा वाकवला, तो चांगला वाकवला, त्याचा मला अभिमान आहे. तिचा त्याहून जास्त आहे, आणि तो मी भर गॅलरीत सांगायला हवा होता, तिच्या बाबांसमोर.

इथवर लिहून मी कागद तिच्याकडे दिला. भिंग घेऊन तिने खिडकीपाशी बसून सावकाश वाचला. दोनदा "हं" म्हणाली. मग "तिला" या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "हा जरा ठळक छापायला सांगा."

"सांगतो."

"आणि एक राहिलं. सगळ्या कॉलनीला वाटतं, बाजरी मी घातली. स्वयंपाकघरातली वस्तू म्हणून. तुम्ही कधी खोडून काढलं नाहीत."

हेही खरं आहे. बाजरी माझी.